जुना लष्करी रेडिओ: स्विच लावण्याआधी आणि नंतर

दुसऱ्या महायुद्धातला एखादा संच हाती आला की तो लगेच सुरू करून पाहावासा वाटतो. मात्र दशकानुदशके बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या) संचाला एकदम पूर्ण व्होल्टेज दिल्यास, एरवी सहज वाचला असता असा ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांत जळू शकतो; म्हणून स्विच शेवटी आणि स्क्रू-ड्रायव्हर आधी.

प्रथम नामपट्टी वाचून त्या संचाचे सर्किट मिळवावे आणि आतील जोडणी त्याच्याशी ताडून पाहावी. अमेरिकी बॉम्बर विमानांतला बीसी-348 हा रिसीव्हर मुळात 28 व्होल्ट डीसीवर, डायनामोटरच्या (बॅटरीच्या कमी व्होल्टेजपासून उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या फिरत्या यंत्राच्या) आधाराने चालणारा. परंतु युद्धानंतर अनेक हौशी मंडळींनी डायनामोटर काढून त्याजागी घरगुती विजेचा ट्रान्सफॉर्मर बसवला. असा बदल नीटनेटका असेल तर तो उलटवण्याचा अट्टहास मी करणार नाही, कारण तोही त्या संचाच्या इतिहासाचाच भाग आहे.

तबकडीवरील चमकणाऱ्या रंगात रेडियम असू शकते. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, त्यामुळे तो रंग खरवडू नये, घासू नये आणि मीटरची काच उघडू नये. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विद्युतभार टिकून राहतो. आत हात घालण्यापूर्वी तो रेझिस्टरमधून उतरवावा आणि व्होल्टेज खरोखर शून्यावर आले आहे, हे मीटरवर पाहावे.

खरे दुखणे बहुधा मेणकागदी कपॅसिटरांत असते. ओलावा शिरून त्यांतून डीसी गळू लागते, आणि साध्या मल्टिमीटरचे तपासणी-व्होल्टेज अगदी कमी असल्याने त्याला हा दोष दिसतोच असे नाही. सर्वांत घातक जागा म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (त्यातला प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीला) जोडलेला, आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर: तो थोडा जरी गळला, तरी ऋण असायला हवी ती ग्रिड धनाकडे सरकते, व्हॉल्व्हमधला प्रवाह वाढतो आणि त्याच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. तेव्हा हा एक कपॅसिटर न तपासताच बदलावा; बाह्यरूप जपायचे असल्यास जुने कवच पोकळ करून त्यात नवा फिल्म कपॅसिटर बसवावा आणि टोके मेणाने बंद करावीत. कार्बनच्या रेझिस्टरांचा रोध वयाबरोबर बहुधा वाढत जातो. दर्शवलेल्या रोधमूल्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक सरकलेले काढून टाकावेत. तडकलेल्या रबरी वायरी बदलाव्यात. व्हॉल्व्ह मात्र सरसकट बदलू नयेत, ते बिचारे बहुतेक वेळा निर्दोष असतात.

आता वीज द्यावी. घरगुती विजेवरच्या संचाला 40 ते 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा: तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. डायनामोटरच्या संचाला प्रवाहमर्यादा असलेला डीसी पुरवठा द्यावा. त्याआधी डायनामोटरचे कार्बन ब्रश पाहावेत आणि बेअरिंगमधले घट्ट झालेले ग्रीस बदलावे. आवाज क्षीण आला म्हणून लगेच आयएफ (रिसीव्हरच्या आतली ठरावीक मधली फ्रीक्वेन्सी) कॉइल फिरवू नयेत. दोष दूर झाल्यावरच, सिग्नल जनरेटर लावून बीसी-348चे आयएफ 915 किलोहर्ट्झवर जुळवावे.

प्रक्षेपणासाठी हौशी रेडिओचा परवाना आवश्यक आहे. रणगाड्यांत वापरलेल्या ब्रिटिश रचनेच्या 'वायरलेस सेट नंबर 19' या प्रक्षेपक-रिसीव्हरचा ए-संच हा भाग 2 ते 8 मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे 80 आणि 40 मीटरचे हौशी पट्टे त्यात बसतात. 230 ते 240 मेगाहर्ट्झच्या आसपासचा बी-संच मात्र हौशी पट्ट्याबाहेरचा असल्याने त्याचे प्रक्षेपण बंदच ठेवावे. पहिली चाचणी एरियलवर न करता डमी लोडवर (एरियलऐवजी शक्ती शोषून घेणाऱ्या रेझिस्टरवर) करावी आणि शेजारच्या आधुनिक रिसीव्हरवर ऐकावी. असे संच तापताना फ्रीक्वेन्सीवरून सरकतात. म्हणून अर्धा तास तापू द्यावे, पट्ट्याच्या कडेला ट्यून करू नये, आणि समोरच्या स्टेशनला आपण जुन्या संचावरून एएम (आवाज पाठवण्याची जुनी पद्धत) पाठवत आहोत हे आधीच सांगावे, म्हणजे तोही आपल्यामागे थोडी डायल फिरवायला तयार राहतो.