२१४७४८३६४७ मूळ आहे की नाही तपासताय? या चुका टाळा

२१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ सालीच दाखवलंय, तरी आपला प्रोग्रॅम बऱ्याचदा 'मूळ नाही' म्हणतो, आणि मुलं बिचारी तासभर स्वतःचं गणित तपासत बसतात. गणित बरोबरच असतं हो.

गडबड लूपच्या अटीत असते. आपण सगळे आय*आय <= एन असंच लिहितो (एन म्हणजे तपासायची संख्या, आय म्हणजे २ पासून एकेक वाढवत तपासायचा विभाजक), शिकवतातही तसंच. आता जावात इंटमध्ये (पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार) मावणारी सगळ्यात मोठी संख्या नेमकी हीच, २१४७४८३६४७. आय ४६३४० असेपर्यंत ठीक, ४६३४१ झाला की वर्ग होतो २१४७४८८२८१, तो इंटमध्ये मावत नाही आणि फिरून मायनसमध्ये जातो. पण खरी मेख पुढे आहे, एन हीच कमाल किंमत असल्यामुळे आय*आय काहीही येवो ते एनपेक्षा मोठं होऊच शकत नाही, म्हणजे अट कायम खरी, लूप थांबतच नाही, आय वाढत वाढत थेट एनपर्यंत पोचतो आणि एन भागिले एन बाकी शून्य! झालं, विभाजक सापडला, उत्तर 'मूळ नाही'. काही सेकंद लटकून मग चुकीचं उत्तर आलं तर हेच झालंय समजा. (सी भाषेत तर ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या मावेनाशी, झाल्यावर काय होईल याचा भरवसाच नाही.) उपाय साधा आहे, आय <= एन / आय लिहा किंवा आय लाँग (इंटपेक्षा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) घ्या.

दुसरी चूक अगदी सुरुवातीलाच होते. २^३१-१ असं टाईप केलं की जावा काय, पायथन काय, उत्तर देतात २८. ते चिन्ह घाताचं नाही, एक्सॉरचं (दोन संख्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) आहे, आणि वजाबाकी आधी होते म्हणून २ आणि ३० चा एक्सॉर. १<<३१-१ पण तसंच फसवतं (<< म्हणजे बिट डावीकडे सरकवणं, इथेही वजाबाकी आधी होते), १०७३७४१८२४ मिळतात. इथे १<<३१ ला कंस द्या. म्हणून आधी संख्या प्रिंट करून बघा, मगच पुढे जा.

सगळे विभाजक तपासायची तर गरजच नाही आणि हे मला फार आवडतं. या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च यायला हवी. त्यामुळे पहिला उमेदवार ३११, त्यानंतर एकदम १३०३, मधलं सगळं सोडून द्या, आणि ४६३४० पर्यंतच जायचं. ऑयलरने याच वाटेने काम केलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना!

हीच संख्या घेऊन रँडम नंबर काढत असाल (दर वेळी १६८०७ ने गुणून बाकी घ्यायची, ती पद्धत) तर सीड (सुरुवातीची संख्या) ० देऊ नका, कायम ०च येत राहील.

आणि घातांक मूळ म्हणजे उत्तर मूळ असं धरू नका. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, ते २३ × ८९. ५ वरून ३१ मिळतं, ३१ वरून आपली संख्या, दोन्ही मूळ, म्हणून वाटतं पुढचीही असणार. पण २१४७४८३६४७ घातांक घेतला की ६४ कोटींहून जास्त अंकांची जी संख्या येते तिला २९५२५७५२६६२६०३१ ने पूर्ण भाग जातो.