‘फ्रिटर अवे’ वापरताना या चुका टाळा

दहावी-बारावीची मुलं इंग्रजी निबंधात ‘वेळ वाया घालवणं’ या अर्थाने ‘वेस्ट’ लिहून लिहून कंटाळली की ‘फ्रिटर’ उचलतात. शब्द छान आहे. फक्त ‘वेस्ट’ खोडून तिथे तो बसवला की काम झालं, असं नाही.

सगळ्यात मोठी गडबड अर्थाची होते. फ्रिटर म्हणजे थोडं थोडं करत, किरकोळ गोष्टींवर आणि आपल्याच हाताने घालवणं. दाभोळच्या धक्क्यावर पोचलात, धोपाव्याची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली आणि पुढचीसाठी ताटकळावं लागलं, तर तो वेळ तुम्ही ‘फ्रिटर’ केलेला नाही. तिथे सरळ ‘आय लॉस्ट ॲन अवर’ म्हणा. उद्या पेपर असताना पाच मिनिटं रील, दहा मिनिटं स्टेटस, मग उगाच नाक्यावर एक चक्कर, असं करता करता जेवायची वेळ झाली, तर मात्र ‘आय फ्रिटर्ड अवे द होल मॉर्निंग’ अगदी चपखल.

पैशांचंही तेच. मे महिन्यात हापूसचे पैसे हातात आले आणि मिरगापर्यंत चायनीज, मोबाइलची कव्हरं, विनाकारण पेट्रोल यांत कधी संपले ते कळलंच नाही, तर ते ‘फ्रिटर्ड अवे’. तीच रक्कम कुणी एका रात्रीत जुगारात घालवली तर हा शब्द तोकडा पडतो. तिथे ‘स्क्वॉन्डर’ शोभतं.

दुसरी चूक ‘टाइमपास’मुळे होते. आपल्या टाइमपासमध्ये मजा असते, फ्रिटरमध्ये हळहळ. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर रात्रभर पत्ते खेळलात आणि मन भरलं, तर ‘वी स्पेंट द नाइट प्लेइंग कार्ड्स’. तिथे ‘फ्रिटर’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्हाला पाहुण्यांचा वैताग आला होता! मराठीतलं ‘वेळ घालवला’ दोन्हीकडे चालतं, म्हणूनच ही फसगत होते. आधी मनात ‘दवडला’ म्हणून बघा. ते जुळलं तरच फ्रिटर.

व्याकरणाचा भाग सोपा आहे. नुसतं ‘ही फ्रिटर्स’ अर्धवट वाटतं. काय घालवलं ते सांगावं लागतं, आणि आजच्या इंग्रजीत सोबत ‘अवे’ घेणंच बरं. ‘फ्रिटर अवे द टाइम’ आणि ‘फ्रिटर द टाइम अवे’ दोन्ही बरोबर. सर्वनाम आलं की मात्र ते मधेच हवं: ‘फ्रिटर इट अवे’. ‘फ्रिटर अवे इट’ चूक. आपण ‘मोबाइलमध्ये वेळ घालवला’ म्हणतो, त्यामुळे हात ‘इन’कडे जातो, लिहायचं ‘ऑन’. पुढे क्रियापद असेल तर ‘वॉचिंग रील्स’, ‘टू वॉच रील्स’ नाही.

शब्दकोश उघडलात तर ‘फ्रिटर’चा आणखी एक अर्थ दिसेल: पिठात बुडवून तळलेला पदार्थ, आपली कांदाभजी म्हणा ना. त्यावरून ‘भजी खात बसणं म्हणजे वेळ घालवणं’ अशी व्युत्पत्ती कुणी जोडली, तर ती खोटी. भजीवाला शब्द फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ तळण्यात. क्रियापदाचं नातं तुकडे करण्याच्या एका जुन्या शब्दाशी आहे आणि ते अठराव्या शतकापासून इंग्रजीत वापरात आहे.

स्पेलिंगमध्ये ‘टी’ दोनदा येतो. भूतकाळ करताना शेवटचा ‘आर’ मात्र दुप्पट करू नका.