मुंबईत फुटपाथवरच्या बिऱ्हाडावर पालिकेची गाडी आली तर: नियम, कागद आणि अर्ज

ही माहिती फुटपाथवर किंवा पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या बाजूने उभं राहू पाहणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही. सगळं मुंबईपुरतं लिहिलं आहे. पुणे, नागपूर, नाशिक इथल्या महापालिकांचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे इथली कलमं तिकडच्या अर्जात उतरवू नका.

आधी जमीन कोणाची ते शोधा

हे न पाहता केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, आणि तेवढ्यात कारवाई होऊन जाते. फुटपाथ आणि बहुतेक रस्ते पालिकेचे असतात. स्टेशनचा परिसर आणि रुळांलगतची पट्टी रेल्वेची. उड्डाणपुलाखालची जागा कधी पालिकेची, कधी एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), कधी रस्ते विकास महामंडळाची असते. पालिकेच्या विभाग (वॉर्ड) कार्यालयातल्या परिरक्षण (देखभाल) खात्यात विचारा, किंवा नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा.

जागा पालिकेची असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ ची तीन कलमं लागतात. रस्त्यावर अडथळा होईल असं बांधकाम करायला ३१२ मनाई करतं, सामान ठेवायला ३१३ मनाई करतं, आणि ३१४ खाली आयुक्तांना हे सगळं नोटीस न देता हटवता येतं. अतिक्रमण हटवणारी गाडी अचानक येते ती याच ३१४ च्या जोरावर.

जागा रेल्वेची किंवा केंद्राच्या इतर खात्याची असेल तर तिथे सहसा १९७१ चा सार्वजनिक जागांतून निष्कासनाचा कायदा चालतो. त्यात संपदा अधिकाऱ्याची (इस्टेट ऑफिसरची) कारणे दाखवा नोटीस येते, सुनावणी होते, मग आदेश निघतो. आदेशाविरुद्ध अपिलाला मुदत फक्त १२ दिवसांची आहे. वकील शोधण्यात आठवडा गेला की काही हाती राहत नाही, म्हणून नोटीस मिळाली त्याच दिवशी मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण गाठा.

न्यायालयाने काय दिलं, काय नाही

१९८१ साली मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला, त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल १० जुलै १९८५ चा. या निकालाबद्दल गैरसमज फार आहेत. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि कलम ३१४ ही वैध ठरवलं. मात्र 'नोटीस न देता' हा अधिकार अपवाद म्हणून वापरायचा, एरवी म्हणणं ऐकून घ्यायचं, असं बजावलं. १९७६ च्या झोपडपट्टी गणतीत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितलं आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कारवाई थांबवली. तेव्हा हा निकाल सुनावणी मागण्यासाठी पुढे करा. 'आम्हाला इथेच राहू द्या' या मागणीला त्याचा आधार मिळत नाही.

घरं बुलडोझरने पाडण्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या 'बुलडोझर निकाला'तली १५ दिवसांच्या नोटिशीची अट आता सर्रास सांगितली जाते. त्याच निकालात रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी-जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामं त्या अटीतून वगळली आहेत. फुटपाथच्या प्रकरणात तो निकाल पुढे केलात तर अधिकारी तोच परिच्छेद काढून दाखवेल आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जाईल.

पावसाळ्याचा मुद्दा मात्र जरूर मांडा. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती बांधकामं पाडू नयेत, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. जून २०२४ मध्ये पवईतल्या जयभीम नगरची घरं पाडली गेली, तेव्हा उच्च न्यायालयात हाच निर्णय कळीचा ठरला.

पुनर्वसनाच्या पात्रतेत १ जानेवारी २००० ही तारीख महत्त्वाची आहे. त्याआधीच्या झोपडीला संरक्षण आहे. त्यानंतरच्या, पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला सशुल्क पुनर्वसन मिळू शकतं, आणि २०२३ मध्ये ते शुल्क अडीच लाख रुपये ठरलं. यातला अन्याय उघड आहे. ज्याने ताडपत्री-बांबूचं का होईना, झोपडं उभारलं, त्याची मोजणी होते. जो नुसती चादर अंथरून झोपतो तो तीस वर्षं त्याच ठिकाणी असला तरी यादीत येत नाही. त्याच्यासाठी उरतो फक्त निवारा.

कागद गाडी यायच्या आधी जमवायचे

दर कुटुंबामागे झिपचं एक प्लास्टिक पाकीट करा. मूळ कागद त्यात, झेरॉक्सचा एक संच तुमच्याकडे, आणि दोन्हींचे फोटो मोबाइलवर. पाकीट बोचक्यात ठेवू नका, बाईच्या पिशवीत किंवा अंगावर असू द्या. बोचकं सगळ्यात आधी गाडीत जातं.

वास्तव्याचा पुरावा म्हणून चालणारे कागद लोकांकडे असतात, फक्त ते जपलेले नसतात: पालिका दवाखान्याचा केसपेपर, बाळाचं लसीकरण कार्ड, शाळेचा बोनाफाइड दाखला, आधीच्या कारवाईची किंवा दंडाची पावती. ही पावती लोक चिडून फाडतात. पालिकेच्याच शिक्क्यासह तुम्ही त्या तारखेला त्या जागी होतात, हे दाखवणारा दुसरा कागद शोधून सापडत नाही, तेव्हा ती जपा.

छाननीत माणूस हटकून अडकतो तो पत्त्यावर. एका कागदावर 'दादर पुलाखाली', दुसऱ्यावर 'टिळक ब्रिज', तिसऱ्यावर नुसतं 'मुंबई' असेल तर ती तीन ठिकाणं धरली जातात. पत्ता एकदा ठरवा (रस्त्याचं नाव, समोरची खूण, जवळचा विजेचा खांब क्रमांक, पिनकोड) आणि सगळीकडे अक्षरशः तोच लिहा.

मतदार नोंदणीने सुरुवात करणं सोपं जातं. नमुना ६ भरा आणि रात्री जिथे झोपता तीच जागा पत्ता म्हणून द्या. बेघर माणसाकडून पत्त्याचा कागद मागायचा नाही, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री येऊन खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. तो येईल त्या रात्री माणूस जागेवर हवा, नाहीतर अर्ज बाद होतो.

गाडी आली तेव्हा

१. माणसं आणि पाकीट आधी बाजूला घ्या. मग औषधं, शाळेची दप्तरं, स्टोव्ह, पाणी. ताडपत्री आणि बांबू शेवटी.

२. मोबाइलवर सलग चित्रीकरण करा. सुरुवातीलाच गाडीचा क्रमांक, वेळ आणि ओळखीची खूण टिपा. अंगावर जाऊ नका, गाडीसमोर झोपू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला तर मूळ प्रश्न तिथेच मागे पडतो.

३. पथकाच्या प्रमुखाचं नाव, हुद्दा आणि विभाग विचारा. कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या आदेशाने कारवाई चालली आहे, तेही विचारा.

४. उचललेल्या सामानाची यादी आणि पंचनाम्याची प्रत मागा. दिली नाही तर तुम्हीच यादी करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी विभाग कार्यालयाच्या आवक खिडकीवर देऊन पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज पुढे कोणी ओळखत नाही.

अर्जाचा मजकूर छोटा ठेवा:

'प्रति, सहाय्यक आयुक्त, … विभाग. दि. … रोजी सकाळी … वाजता … येथून आमचे सामान कोणतीही सुनावणी न घेता उचलण्यात आले. यादी सोबत जोडली आहे. (१) ओळखपत्रे, औषधे व शालेय साहित्य आजच परत मिळावे. (२) उर्वरित सामान कोठे ठेवले आहे ते लेखी कळवावे. (३) पुढील कारवाईपूर्वी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. (४) कुटुंबातील … जणांना निवाऱ्यात एकत्र जागा द्यावी.'

चौथी मागणी विसरू नका. दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी चोवीस तास चालणारा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, असा केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसांची सोय हवी होती, आणि त्याच जनगणनेत बेघर मोजले गेले सुमारे ५७ हजार. 'जागा नाही' असं तोंडी उत्तर आलं तर ते लेखी मागा, पुढे न्यायालयात उपयोगी पडतं. निवाऱ्यात नवरा-बायकोची ताटातूट होत असेल, किंवा तो कामाच्या नाक्यापासून लांब असेल, तर लोक जात नाहीत. त्यांना दोष देऊ नका, न जाण्याचं कारण अर्जात लिहा.

पोलिसांनी उचललं तर

१९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्यातल्या शिक्षेच्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या, पण त्या दिल्लीपुरत्या. या कायद्याच्या व्याख्येत उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक ठिकाणी फिरणाराही येऊ शकतो, आणि पहिल्याच वेळी भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणून कामाचा पुरावा जवळ हवा: मुकादमाची चिठ्ठी, भंगारवाल्याची पावती, ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं). दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतील तेव्हा मालक किंवा सहकारी प्रत्यक्ष उभा राहिला तर सुटकेची शक्यता बरीच वाढते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही, विधी सेवेचा फोन क्रमांक १५१००.

मानसिक आजार असलेला माणूस रस्त्यावर सापडला तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, आणि बेघरांना हे उपचार मोफत आहेत.

नंतर

सामान परत मिळालं तरी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्या तारखेच्या कारवाईचा आदेश, पंचनामा आणि गोदामाच्या नोंदवहीच्या प्रती मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा निवाऱ्यांची माहिती हवी असेल तर वेगळा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.