सट्टा खेळलेल्या खेळाडूचं नाव फलकावर घ्यायचं की नाही, हे कसं ठरवावं

आमच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. मैदानाला लागून मंडळाची खोली आहे. तिच्या भिंतीवर आजवरच्या अकरा उत्तम खेळाडूंची नावं रंगवायची असं ठरलं. दहा नावं चहा निवायच्या आत झाली, अकराव्याला पाच बैठका लागल्या. तो आमचा गोलकीपर. पंचक्रोशीत तसा दुसरा झाला नाही. पण आमच्याच संघाविरुद्ध पैसे घातले म्हणून मंडळानं त्याला जन्मभरासाठी काढून टाकलं होतं. काढल्याचं पत्र माझ्याच हातचं. तेव्हा मी शाळेत पीटी शिकवायचो आणि मंडळाचा चिटणीस होतो. निवृत्त झालो तरी चिटणीस मीच, कारण दुसरं कोणी घेत नाही.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आणखी दोन मंडळांपुढे हाच पेच आहे. त्यांची पोरं येऊन विचारतात, "सर, तुमी कितें केलें?" म्हणून लिहून ठेवतो.

आधी त्यानं काय केलं ते एका वाक्यात कागदावर लिहा. "तो बेटिंगमध्ये सापडला" हे वाक्य चालणार नाही. पैसे कोणी घातले, कोणावर घातले, त्या दिवशी तो खेळत होता का, आणि खेळात त्यानं मुद्दाम काही बिघडवलं का, हे चारही त्यात आलं पाहिजे. आमच्या पहिल्या दोन बैठका फुकट गेल्या, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गुन्ह्याबद्दल भांडत होता. एकाच्या मते त्यानं गोल सोडला होता, दुसऱ्याच्या मते तो मटका घ्यायचा. खरी गोष्ट अशी होती की गुडघा सुजल्यामुळे तो त्या सेमीफायनलला बाहेर बसला होता, आणि आपल्याशिवाय संघ हरणार म्हणून मित्राच्या हातून त्यानं पाचशे रुपये समोरच्या संघावर घातले. संघ हरला. जुनी फाईल काढायला गेलो तर वाळवीनं पुठ्ठ्यासकट खाल्लेली. त्यामुळे हे वाक्य मी आठवणीतून लिहिलं आणि तिघा जुन्या खेळाडूंना वाचून दाखवलं.

एवढी चिरफाड का, ते मोठ्या खेळातली उदाहरणं बघितली की कळतं. २०१० मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिरनं ठरवून नो-बॉल टाकले. तिथं खेळच विकला गेला. १९८१ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडवर फॉलोऑन आला आणि त्यांच्या विजयाचा भाव एकास पाचशे झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीनं दहा पौंड आणि रॉड मार्शनं पाच पौंड इंग्लंडवर, म्हणजे स्वतःविरुद्ध, लावले. इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. दोघं मुद्दाम हरले असं कोणी म्हणत नाही. त्यांच्यावर बंदी आली नाही आणि २००९ मध्ये दोघंही आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. इंग्लंडचा फुटबॉलपटू इव्हान टोनी याच्यावर सट्ट्याचे २३२ नियमभंग सिद्ध झाले. त्यातल्या काही पैजा स्वतःचा क्लब हरण्यावर होत्या, पण ते सामने तो स्वतः खेळला नव्हता. आठ महिन्यांची बंदी झाली, आणि २०२४ च्या युरोमध्ये तो परत इंग्लंडच्या जर्सीत होता. आमच्या गोलकीपरचं प्रकरण टोनीच्या जवळचं, आमिरच्या नव्हे. हे कळल्यावर खोलीतला आवाज थोडा खाली आला.

आता "मी माझ्याच संघावर घातले" ही सबब. ती फार गोड वाटते. पीट रोझची हीच होती. बेसबॉलमध्ये ४२५६ हिट, हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर असताना त्यानं रेड्सच्या सामन्यांवर पैसे लावले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये तो कायमचा बाहेर झाला. लोक विचारतात, जिंकण्यावरच लावले ना, मग बिघडलं काय?

त्यांना मी धिर्योची, म्हणजे गोव्यातल्या रेड्यांच्या झुंजींची, गोष्ट सांगतो. १९९६ मध्ये उच्च न्यायालयानं धिर्यो बंद केले, पण लहानपणी मामाच्या गावी मी ते शेताच्या बांधावर बसून पाहिले आहेत. रेड्याचा मालक नेहमी आपल्याच रेड्यावर पैसे घालायचा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पण जाणती माणसं रेड्याकडे बघतच नसत, मालकाच्या हाताकडे बघत. ज्या दिवशी हात खिशातच राहिला, त्या दिवशी रेडा लंगडतोय हे सगळ्या शेताला कळायचं. रोज स्वतःवर लावणारा मॅनेजर ज्या दिवशी लावत नाही, त्या दिवशी बुकीला फुकटची बातमी मिळते. शिवाय आजचे पैसे वाचवण्यासाठी तो उद्याचा खेळाडू आजच दमवू शकतो. तेव्हा ही सबब ऐकून घ्या, पण तिच्यावर सूट देऊ नका.

पुढचं काम म्हणजे बंदी आणि सन्मान यांची गाठ सोडवणं. बंदी म्हणजे खेळू न देणं, फलक म्हणजे आठवण ठेवणं. अमेरिकेत १९९१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमनं नियम केला की कायम बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवरच येणार नाही. म्हणजे रोझचा न्याय करायची पाळीच स्वतःवर येऊ दिली नाही. मला हा पळपुटेपणा वाटतो. मतपत्रिकेवर नाव घ्या आणि खुशाल पाडा की!

ज्या बंदीला मुदत होती, तिची मुदत संपली की ती संपली. फुटबॉलपटू पाओलो रोस्सी इटलीच्या १९८० च्या सट्टा प्रकरणात अडकला. तीन वर्षांची बंदी दोनवर आली. आपण निर्दोष असल्याचं तो सांगतच राहिला. १९८२ च्या वसंतात तो परतला आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये सहा गोल मारले, त्यातले तीन एकट्या ब्राझीलला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पेपरातले स्कोअर कापून वहीत चिकटवायचो. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, त्यालाच मिळाला. शिक्षा भोगून झालेल्याला भिंतीवर दुसऱ्यांदा शिक्षा करू नये.

कोर्टाच्या निकालाआड मात्र लपू नका, इकडूनही नको, तिकडूनही नको. १९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, पैसे घेऊन हरल्याच्या खटल्यात शिकागोचे खेळाडू १९२१ मध्ये निर्दोष सुटले, आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलच्या आयुक्तानं आठ जणांना कायमचं बाहेर काढलं. आपल्याकडे अझरुद्दीनवर बोर्डानं २००० मध्ये घातलेली आजीवन बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. त्याला अर्जुन आणि पद्मश्री ऐंशीच्या दशकातच मिळाले होते. कोर्ट त्याच्यासमोरच्या कागदाचा निकाल देतं. फलक तुमचा आहे, तुम्हालाच डोकं चालवावं लागेल.

मग त्या माणसाला बोलवा आणि विचारा. आम्ही हे चौथ्या बैठकीपर्यंत केलं नाही, याची मला लाज वाटते. रोझनं पंधरा वर्षं नाही नाही म्हटलं आणि २००४ मध्ये कबूल केलं. त्याच्या सट्ट्यापेक्षा ही पंधरा वर्षंच मला जास्त खुपतात. आमचा गोलकीपर मात्र आला, सोप्यावर बसला आणि म्हणाला, "हय, घाल्ले. पांचशें." एवढंच. गेली पंधरा वर्षं तो गावच्या पोरांना रविवारी सकाळी गोलकीपिंग शिकवतो, हे त्यानं सांगितलं नाही; आम्हाला ठाऊक होतं.

त्याच बैठकीत स्वतःकडेही बघा. शेन वॉर्न आणि मार्क वॉ यांनी १९९४ मध्ये बुकीकडून पैसे घेतले. ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं १९९५ मध्ये गुपचूप दंड केला आणि १९९८ पर्यंत ओठ शिवून ठेवले. आमच्याकडेही ते पाचशे रुपये कुठल्या ताव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, घातले गेले हे कमिटीतल्या दोघांना सामन्याआधीच माहीत होतं. आणि त्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस ज्यानं दिलं, तो मटक्याच्या चिठ्ठ्या घेणारा! मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर लखलखतात आणि त्या राज्यात आम्ही एका पोराला पाचशे रुपयांसाठी जन्मभर बाहेर बसवलं. त्याची चूक होतीच. पण पत्र लिहिताना माझी मान जरा जास्तच ताठ होती.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: तो मरायची वाट बघू नका. पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कारास या दोघांना अमेरिकन फुटबॉलमध्ये सट्ट्यासाठी १९६३ चा अख्खा हंगाम बाहेर बसवलं होतं. हॉर्नंग १९८६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि स्वतःच्या कानांनी टाळ्या ऐकल्या. कारासचं नाव २०२० मध्ये लागलं; तो २०१२ मध्येच गेला होता. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारला आणि मे २०२५ मध्ये आयुक्तानं मेलेल्यांवरची बंदी उठवली. मेलेला माणूस पैसे लावू शकत नाही हे खरं, पण मग पस्तीस वर्षं नेमकी कशाची चर्चा चालली होती? नाव नको असेल तर तो जिवंत असताना तोंडावर सांगा. हवं असेल तर त्याला भिंतीसमोर उभं राहता येईल अशा वेळी लिहा.

शेवटी मजकूर. नुसतं नाव लिहिलं तर लोक कुजबुजतात. आम्ही नावाखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ घातली: स्वतःच्या संघाविरुद्ध पैज लावल्याबद्दल १९९८ मध्ये बंदी. ही ओळ आधी त्याला वाचून दाखवा, भिंतीवर गेल्यावर नव्हे. आम्ही दाखवली नाही. पेंटर म्हापशाहून आलेला, त्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं, आणि घाईत राहून गेलं.

तो सायकल लावून आत आला. चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या. मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"सर, साल चुकलां," तो म्हणाला. "९८ न्हय, ९९."

पेंटरनं रंग ओला होता तोवरच आठाचा नऊ केला.