लूप चालू असताना यादीला हात लावू नका

पायथनमध्ये २, ४, ५, ६ अशी लिस्ट घ्या आणि फॉर लूपमध्येच सम संख्या रिमूव्ह करा. शेवटी ४ आणि ५ उरतात. २ काढल्याबरोबर ४ त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो, त्यामुळे ४ तपासलाच जात नाही. एरर नाही, काही नाही, फक्त उत्तर चुकीचं. डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा) निदान रनटाइम एरर देऊन ओरडते तरी.

जावात अशा वेळी कॉनकरंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन (एक प्रकारची एरर) येतं. नावात कॉनकरंट, म्हणजे एकाच वेळी घडणारं, आहे म्हणून लोक दुसरा थ्रेड (प्रोग्रामचं समांतर चालणारं काम) शोधत बसतात (मीही बसलोय), पण एकाच थ्रेडमध्येही ते येतं. त्यातही गंमत म्हणजे अ‍ॅरेलिस्टमधला शेवटून दुसरा घटक काढला तर एक्सेप्शन येत नाही. साइझ एकने कमी झाल्यामुळे लूपला वाटतं काम संपलं, आणि शेवटचा घटक न तपासताच तो बाहेर पडतो. म्हणजे टेस्ट पास, बग तसाच.

हे एक्सेप्शन ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) गिळू नका. अर्धे घटक गेलेले, अर्धे राहिलेले, अशी यादी हातात येते. जावा ८ पासून अटीत बसणारे घटक काढून टाकणारं रिमूव्हइफ आहे, ते वापरा. पायथनमध्ये हवे तेवढेच घटक घेऊन नवी लिस्ट बनवा. डिक्शनरी असेल तर कीजची आधी लिस्ट करून तिच्यावर लूप फिरवा. जुनीच यादी जागच्या जागी बदलायची असेल तर इंडेक्स शेवटाकडून शून्याकडे न्या, म्हणजे सरकतात ते तपासून झालेलेच घटक.