मराठीत वेळ सांगणारे शब्दघड्याळ

शब्दघड्याळ म्हणजे उजळलेल्या अक्षरांच्या शब्दांनी वेळ सांगणारे घड्याळ. त्याचा इंग्रजी आराखडा मराठीला जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे साडेएक नसते, दीड असते. 12:45 ला पाऊण वाजतो. म्हणून आधी कागदावर 8×8 चौकटी आखा आणि एका चौकटीत मात्रेसकट एक अख्खे अक्षर बसवा: ‘स’, ‘व्वा’. सव्वा, साडे, पावणे, पाऊण, दीड, अडीच, एक ते बारा, वाजला, वाजले, सगळे मिळून 46 चौकटी. उरलेल्यांपैकी दोन चौकटी पाव तासापुढची 5 आणि 10 मिनिटे दाखवणाऱ्या ठिपक्यांना द्या.

साहित्य: डब्ल्यूएस2812बी पट्टीचे (प्रत्येक एलईडी वेगळा पेटवता येतो) 64 एलईडी (मीटरला 30 वाली), आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), डीएस3231 (वेळ राखणारे मॉड्यूल), 5 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर.

पट्टीच्या आठ-आठ एलईडींच्या ओळी नागमोडी जोडा. प्रोग्रॅममध्ये एकाआड एक ओळ उलटी मोजा. नॅनोची डी6 पिन ते पट्टीची डेटा तार यांमध्ये 470 ओहमचा रेझिस्टर, पुरवठ्यावर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डीएस3231 ची एसडीए पिन नॅनोच्या ए4 ला, एससीएल पिन ए5 ला. पट्टी आणि नॅनोचा ग्राउंड एकच हवा, नाहीतर एलईडी वेडेवाकडे लुकलुकतात.

डीएस3231 च्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचा रेझिस्टर असतो. सीआर2032 सेल घालणार असाल तर तो आधी काढाच. हा सेल चार्ज करायचा नसतो, फुगतो.

अक्षरे ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिक) काळ्या पार्श्वभूमीत छापा. शिरोरेखा चौकटीच्या कडेला तोडा, नाहीतर शेजारचा उजेड रेषेतून झिरपतो. मागे बटर पेपर, मध्ये काळ्या पुठ्ठ्याच्या भिंती.

प्रोग्रॅममध्ये ‘पावणे’ला पुढचा तास घ्यायला विसरलात, तर 2:45 ला घड्याळ पावणेदोन दाखवील.