गॅरेजात नवीन आहात आणि समोर ढिल्या स्टिअरिंगची जुनी पिकअप आली तर

आयटीआय करून ओमानला येणाऱ्या आपल्या कोकणातल्या पोरांची लँडक्रुझर पिकअपशी गाठ पडतेच. ७० मालिका १९८४ ची, त्यातलं ७५ हे मॉडेल म्हणजे पुढे अख्खा अ‍ॅक्सल, खाली पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), हौद्यात चाऱ्याचे गठ्ठे नाहीतर उंट. मालक म्हणतो स्टिअरिंग लूज आहे, फोरमन विचारतो काय बदलायचं, आणि आपली बोबडी वळते. माझी अजूनही वळते कधीकधी.

आधी हवा बघा. वाळूत घालायला चाकांची हवा १५ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवतात आणि तशीच गाडी डांबरी रस्त्यावर पळवतात. ती डुलणारच.

स्टिअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, वरच्या स्क्रूला सुरुवातीलाच पाना लावू नका. प्रत्येक गॅरेजात एक उस्ताद असतो जो हा स्क्रू अर्धा फेरा आवळून गिऱ्हाईक खूश करतो. बॉक्स सरळ रेषेतच जास्त झिजतो. तिथला प्ले (ढिलेपणा) घालवायला आवळलात तर वळणावर तो जाम होतो आणि सोडलेलं स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही. तसली गाडी घाटात देणं म्हणजे गुन्हा आहे, माझ्या मते.

त्याऐवजी चाकं जमिनीवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट (अडसर) लावलेले. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. हेल्परला स्टिअरिंग थोडंच डावं-उजवं हलवायला सांगा, गरागरा फिरवायला नाही. तुम्ही खाली झोपून ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन चाकं जोडणारा दांडा) यांच्या एकेका एंडवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, हात ठेवा. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटांना कळते. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही बघा, आणि त्याभोवती चेसिसला तडा गेलाय का तेही.

आता खरी फसगत, जिच्यात मीही अडकलो होतो. चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, प्ले लागला. सगळे म्हणतात व्हील बेअरिंग. आवळलं, नवीन टाकलं, तरी प्ले तिथंच! म्हणून चाक हलवताना हेल्परला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कला पकडतो, म्हणजे हब (चाक बसतं तो भाग) आणि नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) एकच होऊन जातात. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही चाक हललं, तर नकल आणि अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनचं बेअरिंग गेलंय. दोन्ही चाकांना, दोनदोनदा करा. कंटाळा आला तरी करा.

घाबरू नका, किंगपिनचं काम अवघड नाही, घाणेरडं आहे. नकलच्या गोळ्यावर पातळ काळा काला ओघळलेला दिसला तर आतलं सील गेलंय. गिअर ऑइलने ग्रीस धुऊन नेलं आणि बेअरिंग कोरडं पडलं. बाहेर काढलं की कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) रोलरच्या खाचा बोटाला लागतात. खाचा असतील तर बेअरिंग कपासकट बदला. नसतील तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून भागतं, पण अंदाजाने नाही. नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. काटा नसेल तर मागून आणा, लाजू नका.

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक) नवा टाकून थरथर थांबवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. तो दुखणं झाकतो. १९९९ नंतरच्या ७९ मॉडेलमध्ये पुढे कॉइल स्प्रिंगा आहेत, तिथे पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश आधी बघा.

टाय रॉड एंड बदललात तर टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) पुन्हा लावा. आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून त्यातून घालायची पिन) जुनी वापरू नका, कितीही चांगली दिसली तरी. भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, सैल करायचा नाही.